हबीबचाचा, तुमची कस्तुरी

हबीबचाचा,

तुम्हाला मातीत ठेवून आज सहा दिवस झाले. तीन मुठी माती मीही टाकली. टाकताना काय म्हणायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं. शेजारच्यानं हळूच सांगितलं, ते मला नीट ऐकू आलं नाही, आणि मी नुसते ओठ हलवले. तुम्ही पाहिलं असतंत तर म्हणाला असतात, "मास्तर, वर्गात पोरांना असंच शिकवू राह्यला का?"

तुमचं वय, तुमचं दुखणं, तुमच्या मागं कोण कोण राहिलं, हे ज्यांना लिहायचं त्यांनी लिहावं. मला दुसरंच सांगायचंय. अकरा महिने मी तुमच्याशी बोललो नाही, आणि त्यात चूक कुणाची होती हे मला परवा कळलं. आता ते सांगायला तुम्ही नाही, म्हणून कागदावर सांगतोय. माझं अक्षर तुम्हाला कधीच लागलं नाही, हेही लक्षात आहे.

जुन्या जालन्यातलं तुमचं दुकान अर्धं काष्ठौषधींचं आणि अर्धं अत्तराचं. एका बाजूला हिरडा, बेहडा, ज्येष्ठमध, सुंठ यांची पोती आणि दुसऱ्या बाजूला काचेच्या कपाटात कुप्या. त्यामुळे दुकानाला असा काही वास होता की डोळे बांधून आणलं तरी मी सांगितलं असतं, आलो. शाळा सुटली की मी तुमच्या बाकड्यावर येऊन बसायचो. पंधरा वर्षं बसलो. माझी बायको मला म्हणायची, "तुमचा पत्ता शाळेच्या दप्तरात चुकीचा लिहिलाय."

पण आपली ओळख त्याहून जुनी, हे तुम्ही विसरला होतात आणि मी कधी आठवण दिली नाही. मी बारा वर्षांचा असेन. अजून निजामाचंच राज्य होतं. आमचे आबा परतूरजवळ रेल्वेच्या गँगवर होते, रुळाखालची खडी ठोकायचे. कसल्याशा कामाला मला घेऊन जालन्याला आलते. त्या काळी आम्हाला दुकानाच्या पायरीखाली उभं राहावं लागायचं, वस्तू वरून टाकायचे, झेलायची. तुमच्या दुकानासमोर मी वासानं थबकलो. तुम्ही तेव्हा विशीतले, ऐन मिशीवाले. तुम्ही मला वर बोलावलंत, माझा हात हातात घेतलात, पालथा केलात आणि कुपीची काडी मनगटावर फिरवून अंगठ्यानं अत्तर चोळलंत. गिऱ्हाइकाला अत्तर दाखवायची ती तुमची रोजची रीत होती, तुम्ही काही विशेष केलं नव्हतंत. पण आबा बघत राहिले. घरचं सोडून कुणी माझा हात धरलेला त्यांनी तोवर पाहिला नव्हता. परतूरपर्यंत गाडीत त्यांनी माझा हात दोनदा उचलून हुंगला.

मी मास्तर होऊन जालन्यात आलो तो सरळ तुमच्याच दुकानात. तुम्ही विचारलंत, "काय देऊ?" मी म्हणालो, कस्तुरी. तुम्ही म्हणालात, "कोणती? झाडाची का हरणाची?" मला दोन असतात हेच माहीत नव्हतं. विज्ञानाची पदवी घेतलेला माणूस मी. तुम्ही हसू दाबलंत, तेही मला दिसलं.

मग तुम्ही मला शिकवलंत. तुमच्या कुपीतलं कस्तुरी अत्तर हे लताकस्तुरीच्या बियांचं. झाड भेंडीसारखं, फुलंही तशीच पिवळी, बी चुरगळलं की वास. तुम्ही ते लपवत नव्हतात, मागेल त्याला सांगायचात, "हरणाची न्हाई बरं का, झाडाची हाय." खरी कस्तुरी वेगळी. ती आतल्या फळीवर, पितळेच्या डबीत, कापसात गुंडाळलेली होती. तुमच्या अब्बांच्या वेळेला हैदराबादहून आलेली. लिंबाएवढी केसाळ गोटी, एका बाजूनं चिरलेली, आत काळपट दाणे. ती अत्तरात तुम्ही कधीच घातली नाहीत. ती फक्त जाणाऱ्या माणसासाठी होती.

तुम्ही तिला नाभी म्हणायचात. "पण ती बेंबी न्हाई," तुम्ही समजावलंत. "बेंबीच्या खाली, कातडीच्या आत पिशवी असते. फकस्त नराला. मादीला नसते." मी म्हणालो, ते हरीण वासाच्या शोधात रानभर धावतं आणि वास स्वतःतच असतो हे त्याला कळत नाही, असं कीर्तनात सांगतात. तुम्ही सुपारी कातरता कातरता थांबलात. "हरीण येडं असतं का, मास्तर? त्याला बराबर माहीत असतं. मादीला बोलवायला ते सोडतं. कीर्तनवाल्यांनी हरीण पाह्यलं न्हाई, तू बी न्हाई, मी बी न्हाई. पण माझ्या अब्बाला ज्यानं ही विकली त्यानं पाह्यलं होतं." जीवशास्त्राच्या पुस्तकात मी नंतर पाहिलं. तुमचंच खरं होतं.

एकदा मात्र मी तुम्हाला गाठलं. आमच्या शाळेतल्या संस्कृतच्या सरांनी सांगितलं की तुमचा फारसी मुश्क हा शब्द संस्कृतातल्या मुष्कावरून गेला असावा, आणि मुष्क म्हणजे वृषण. पिशवीच्या आकारावरून नाव पडलं असेल, म्हणे. मी ते तुमच्या दुकानात येऊन मोठ्या उत्साहानं सांगितलं. दोन बायका हळद घेत होत्या. तुम्ही त्या जाईपर्यंत खाली मान घालून पुड्या बांधल्यात आणि मग म्हणालात, "मास्तर, तुझं ज्ञान शाळेत ठेव. माझं दुकान बसंल." त्यानंतर आठवडाभर कुणी कस्तुरी मागितली की तुम्ही माझ्याकडे बघून खाकरत होतात.

त्या डबीत ठेवलेला कागदाचा एक कपटा तुम्ही मला वर्गासाठी दिला होतात. वास हवेत कसा पसरतो ते शिकवताना मी तो पोरांना दाखवायचो. प्रयोगशाळेच्या कपाटात सहा वर्षं राहिला, तरी कपाट उघडलं की वास यायचा. तराजूत घातला तर कोऱ्या कागदाइतकाच भरायचा. मी फळ्यावर लिहून द्यायचो, कस्तुरीचा कणभर अंशही वर्षानुवर्षं वास देतो, वासावरून वस्तू किती आहे ते ठरवता येत नाही. दरवर्षी लिहून द्यायचो. परीक्षेतही विचारायचो.

आपलं एक भांडण तर संपलंच नाही. हरणं मारायला सरकारनं बंदी घातली तेव्हा मी वर्तमानपत्र घेऊन आलो आणि तुम्हाला वाचून दाखवलं. कस्तुरी फक्त नरात असते, पण फास लावला की नर, मादी, पाडस काय सापडेल ते मरतं. मी पंचशील घेतलेला माणूस, मला राहवलं नाही. म्हणालो, एका गोटीसाठी इतके जीव. तुम्ही म्हणालात, "मी मारलं का? अब्बाच्या जमान्यातली हाय. नवीन मी आणली का कधी?" मी म्हणालो, घेणारे आहेत म्हणून मारणारे आहेत. तुम्ही वाकून माझ्या पायांकडे पाहिलंत. "मंग ही चप्पल कशाची, मास्तर?" दुसऱ्या आठवड्यात मी कापडी बूट घालून आलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तुम्ही हसलात आणि समोरच्या दत्तू शिंप्याला हाक मारून माझे पाय दाखवलेत. पावसाळ्यात ते बूट कुजले, मी परत चपलेवर आलो, आणि तुम्ही त्यावर एक शब्दही काढला नाहीत. तो तुमचा मोठेपणा होता, पण तेव्हा मला त्याचाही राग आला होता.

दुष्काळाच्या पुढच्या वर्षी आबांना मी जालन्याला माझ्या घरी आणलं. दुखणं वाढत गेलं. दवाखान्यात ठेवलं, मग डॉक्टर म्हणाले, घरी न्या. एके दिवशी दुपारी त्यांचे हातपाय गार पडले. डोळे उघडे, पण ओळख नाही. माय म्हणाली, "कस्तुरी चाटवा." माणूस असा खाली जायला लागला की आमच्याकडे ती रीत आहे. सहाणेवर मधात उगाळून बोटानं जिभेला लावतात. त्यानं माणूस वाचतो असं कुणी म्हणत नाही. घडीभर शुद्धीवर येईल, एखादा शब्द बोलेल, एवढंच. मी मायला म्हणालो, यात काही अर्थ नाही. ती म्हणाली, "तुझा अर्थ तुझ्यापाशी राहू दे, तू जा."

मी तुमच्याकडे आलो आणि नुसतं आबा म्हणालो. तुम्ही डबी उचललीत, दुकान उघडं टाकलंत आणि माझ्यापुढे चालायला लागलात. माझ्याकडचा मध तुम्हाला पसंत पडला नाही, तुम्ही चाचींना सांगून घरचा मागवलात. सहाणेवर तुम्हीच उगाळलंत. आबांच्या उशाशी बसून तुम्हीच त्यांच्या जिभेला लावलंत, एकदा, मग थोड्या वेळानं पुन्हा, मग पुन्हा. मी दाराशी उभा होतो. तुम्ही काय आणि किती घेतलंत ते मी पाहिलं नाही.

तासाभरानं आबांनी मान वळवली. मायकडे पाहिलं. म्हणाले, "साडेधाची गेली का?"

आयुष्यभर त्या पॅसेंजरच्या आधी रूळ सोडून बाजूला उभं राहायची सवय. माय म्हणाली, "गेली."

"येळेवर?"

"येळेवर गेली."

मग त्यांनी माझ्या मुलीला नावानं हाक मारली, दोन घोट चहा घेतला आणि दिवे लागायच्या सुमाराला गेले. कस्तुरीनं ते बोलले असं मी आजही म्हणणार नाही. जाणारी माणसं कधी कधी अशी थोडी वर येतात, डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पण माय पुढं जितकी वर्षं जगेल तितकी वर्षं ती येळेवर गेली एवढंच सांगत राहील, आणि ते तुमच्यामुळे. त्याबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. तुम्ही मानू दिलेही नसतेत, पण मी प्रयत्नही केला नाही.

आता ती दुपार. गेल्या उन्हाळ्यातली. तुम्ही आतली फळी झाडत होतात, डबी उघडून कापूस बदललात, आणि अख्खं दुकान वासानं भरलं. मी बाकड्यावर चहा पीत होतो. इतक्यात एक माणूस पळतच आला. धोतर गुडघ्यापर्यंत, खांद्यावर फाटका टॉवेल, पायांत काही नाही. म्हणाला, "माय गाडीत हाय. गार पडू राह्यली. तुमच्यापाशी कस्तुरी हाय म्हणत्यात."

तुम्ही म्हणालात, "न्हाई बाबा. संपली. जल्दी सरकारी दवाखान्यात ने, इथनं जवळ हाय."

तो हात जोडून उभा राहिला. म्हणाला, "थोडी तरी."

"बिलकुल न्हाई. उगं टाइम घालवू नको, जा."

मी म्हणालो, "चाचा, डबी तर आत्ताच उघडली होती."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "मास्तर, तू गप बस."

तो माणूस एकदा माझ्याकडे, एकदा तुमच्याकडे बघून निघून गेला. मी गप्प बसायला हवं होतं. पण मी उठलो, रस्त्यावर उतरलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. दत्तू शिंप्याचं मशीन थांबलं, कापडवाले शेठ गादीवरून उठून दाराशी आले. मी म्हणालो, "त्याच्या धोतराकडं बघून नाही म्हणालात. मोंढ्यातला आडत्या आला असता तर सहाण घेऊन घरी गेला असतात." एवढ्यावर थांबलो नाही. म्हणालो, "आमच्या लोकांना पायरीखाली उभं करणारे निदान वस्तू तरी टाकत होते."

हे मी तुम्हाला म्हणालो, चाचा. ज्यांनी माझा हात धरला होता त्यांना.

तुम्ही डबी कापसासकट बंद केलीत, फळीवर ठेवलीत आणि म्हणालात, "चहा गार होऊ राह्यला, मास्तर." मी तो तसाच टाकून गेलो. त्या माणसाच्या मायचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. मी तिच्यासाठी भांडलो, पण दवाखान्यापर्यंत त्याच्याबरोबर गेलो नाही.

विचित्र गोष्ट बघा. कस्तुरीनं काही होत नाही असं पंधरा वर्षं तुमच्याच बाकड्यावर बसून सांगणारा मी, ती दिली नाही म्हणून भांडलो. पण माझं भांडण कस्तुरीसाठी नव्हतंच. माझ्या आबांना मिळालं ते त्याच्या मायला मिळालं नाही, हे मला सहन झालं नाही. त्या वेळी मी स्वतःला फार न्यायी समजत होतो.

मग अकरा महिने. मी रस्ता बदलला नाही, गल्लीतूनच जायचो, मुद्दाम. तुम्ही आतून "जयभीम मास्तर" म्हणायचात, मी मान हलवायचो आणि पुढं जायचो. ईदला शिरखुर्म्याचा डबा आला, तो बायकोनं घेतला, मी खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी उरलेला खाल्ला, हे तुम्हाला आता सांगायला हरकत नाही. दोनदा मी तुमच्या पायरीपर्यंत आलो. एकदा गिऱ्हाईक होतं म्हणून परतलो, एकदा नव्हतं म्हणून परतलो. तुम्ही बोलवाल अशी वाट बघत राहिलो. मोठे तुम्ही होतात, पण चूक केलेला मी होतो, हे कुणी तरी मला सांगायला हवं होतं.

परवा चाचींनी निरोप पाठवला. मी गेलो. त्या पडद्याआड बसल्या नाहीत, समोर बसल्या. तुमची पितळेची डबी त्यांनी माझ्यापुढं ठेवली. म्हणाल्या, "मास्तर, ह्याला आता सरकारची बंदी हाय म्हणत्यात. घरात ठेवली तर पोलीस येतील का? तुम्ही शिकलेले, तुम्हाला माहीत असंल."

मी डबी उघडली. खोली वासानं भरली. इतकी भरली की चाचींनी तोंडाला पदर लावला. मी कापूस बाजूला केला, गोटी उचलली. तिला वजनच नव्हतं. चिरेतून बोट घातलं, ते पलीकडच्या कातडीला लागलं. आतून सगळी खरवडलेली होती. चमच्याच्या टोकाचे ओरखडे दिसत होते.

मी म्हणालो, "चाची, यात तर काहीच नाही."

"न्हाईच की," त्या म्हणाल्या. "तुमच्या आबाच्या वक्ताला सगळी लागली. मी मध घेऊन आल्ते ना, तवा ते चमच्यानं कोरू राह्यले होते. थोडी थोडी देऊन आबा डोळे उघडंना, मंग म्हणले, ठेवून काय करायची, समदीच देतो. घरी येऊन मला म्हणले, संपली, चांगल्या कामाला गेली."

मी विचारलं, मग रिकामी डबी का ठेवली होती. त्या म्हणाल्या, "अब्बाची निशाणी. वास तर येतोच ना."

मी गोटी परत कापसात ठेवली. मग त्यांनीच सांगितलं, मी न विचारता. "तुम्ही भांडून गेलात त्या दिवशी मी म्हणले, त्याला सांगत का न्हाई तुम्ही? मला म्हणले, बापाच्या तोंडात घातलेलं त्याला मोजून दाखवू का?"

वासावरून वस्तू किती आहे ते ठरवता येत नाही. दरवर्षी फळ्यावर लिहून देणाऱ्या मास्तरानं दुकानभर वास आला म्हणून डबी भरलेली आहे असं ठरवलं आणि तुमच्यावर आळ घेतला. शाळेत एखाद्या पोरानं असं उत्तर लिहिलं असतं तर मी लाल रेघ ओढली असती.

चाचींची माफी मागितली. त्यांनी चहा केला. डबीचं मी त्यांना सांगितलं की रिकाम्या कातड्याला कोणी विचारणार नाही, आणि कोणी विचारलंच तर माझं नाव सांगा. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. मी तुम्हाला जे बोललो ते चारचौघांत बोललो होतो. म्हणून काल शाळेआधी गल्लीत गेलो. तुमच्या दुकानाच्या फळ्या लागलेल्या होत्या. मी पायरीवर उभा राहिलो. वर्गात माझा आवाज मागच्या बाकापर्यंत जातो, काल तो गल्लीभर जाईल असा काढला.  म्हणालो, गेल्या उन्हाळ्यात मी इथं उभं राहून चाचांना जे बोललो ते खोटं होतं. डबी रिकामी होती. त्यातली शेवटची कस्तुरी माझ्या आबांना दिलेली होती, आणि मला ते माहीत नव्हतं.

कापडवाले शेठ खाली बघत गादीवरची घडी सारखी करत राहिले. दत्तू शिंपी मशीनवरून उठून माझ्यापाशी आला.

"मास्तर, आम्हाला ठाऊक हाय."

मी म्हणालो, "कधीपासून?"

"तुमचे आबा गेले त्याच दिवसापासनं. चाचांनी इथं उभं राहून सांगितल्तं, माझ्याकडची संपली, आता कुणाला आशेनं माझ्याकडं पाठवू नका."

"मग मी बोलत होतो तेव्हा तुम्ही कुणीच का नाही बोललात?"

"बोलणार व्हतो. चाचांनी आतून हातानं न्हाई म्हणलं." दत्तूनं दुकानाच्या बंद फळ्यांकडं पाहिलं. "तुम्ही गेल्यावर आमच्याकडनं शब्द घेतला. म्हणले, मास्तरला कुणी सांगायचं न्हाई. त्याला वाटंल, बापासाठी सगळी घेतली म्हणून त्या बाईला मिळाली न्हाई. ते त्याच्या डोक्यातनं जायचं न्हाई."

अकरा महिने मी त्या गल्लीतून ताठ मानेनं जात होतो. शेठ नमस्कार करत होते, दत्तू मशीनवरून मान वर करून हसत होता, तुम्ही आतून जयभीम म्हणत होतात. सगळ्यांना माहीत होतं, चाचा. एकट्या मलाच माहीत नव्हतं, आणि तुम्ही जाईपर्यंत ते मला कळू दिलं नाहीत.